डग ट्रेझाइसची शाबूत सरासरी

मर्ना ट्रेझाइस जिना चढून वर आली तेव्हा बेरिल नोस्के खिमा भरलेली पेस्टी खात होती आणि तिचा मदतनीस क्लाइव स्वतःची नाडी वाचत होता.

नाडी वाचणं हे क्लाइवचं निवृत्तीनंतरचं दुखणं. आयुष्यभर भूगोल शिकवून झाल्यावर त्याने गेल्या हिवाळ्यात सायकल घेतली. सायकलीबरोबर मनगटावर घड्याळ आलं, आणि तेव्हापासून तो नुसता खुर्चीतून उठला तरी घड्याळ त्याचं अभिनंदन करायचं. बेरिलला त्या घड्याळाची शिसारी होती. तशी ती बऱ्याच गोष्टींची होती. विमा कंपनीत तपासनीस असताना तिने अर्धं आयुष्य पाठ मोडलेली माणसं लग्नात नाचताना पकडण्यात घालवलं होतं. पुढे आपल्या गावी, पोर्ट हार्नला परतून तिने मासे-चिप्सच्या दुकानावर खासगी तपासाची खोली थाटली. खोलीला कायम शिळ्या तेलाचा वास येई. माणसांविषयीच्या तिच्या मताला तो शोभून दिसे.

"बसा," बेरिल म्हणाली. "पेस्टी?"

"नको. माझ्या नवऱ्याला वेड लागलंय का, एवढं सांगा. लागलं असेल तर मी निभावीन. पण मला कळायला हवं."

गेल्या महिन्यात हार्न फेरी झाली होती. सूर्योदयाला निघायचं आणि अख्ख्या द्वीपकल्पाला सायकलीने वळसा घालून अंधाराच्या आत परत यायचं. वाटेत पंच नाही, नाका नाही. प्रत्येकाच्या हँडलवरचं यंत्र हाच साक्षीदार. मर्नाचा नवरा डग शाळेची बस चालवायचा आणि दरवर्षी ही फेरी मारायचा. यंदा मिठागराच्या रस्त्यावर तो चरात पडला. खुबा, खांदा आणि एक मनगट, तिन्ही मोडली. संध्याकाळी मेंढ्यांचा ट्रक गेला, त्याच्या उंच केबिनमधून ड्रायव्हरला चरात काहीतरी दिसलं. तोवर मुंग्यांनी डगला आपला मानला होता.

"डग म्हणतो, दुपारी एक जण आला होता," मर्ना म्हणाली. "क्लबाचा शर्ट, काळा गॉगल, पाठीमागे ऊन. चेहरा दिसला नाही. 'हलू नकोस डग, मदत पाठवतो' म्हणाला आणि गेला. मदत काही आली नाही. शर्यतीची कमिटी म्हणते, कुणी आलंच नव्हतं. ऊन लागलं की माणसाला काय वाटेल ते दिसतं म्हणे. डॉक्टर म्हणतात, शक्य आहे."

"आणि डग काय म्हणतो?"

"आधी भांडायचा. आता मान्य करतो." मर्नाने कोटाच्या बाहीला डोळे पुसले. "काल मी चहा घेऊन गेले तर त्याने कपाला बोट लावून पाहिलं. मग मला विचारलं, मर्ना, तू खरी आहेस ना?"

बेरिलने पेस्टी बाजूला ठेवली. क्लाइवने हे पहिल्यांदाच पाहिलं.

मर्नाने पावाच्या पिशवीतून डगचं यंत्र काढलं. क्लाइवने ते संगणकाला जोडलं आणि त्याचा चेहरा उजळला.

"वा. उत्तरेचा वारा तोंडावर, तरी वेगाची सरासरी बघ गड्याची."

"क्लाइव, माणूस चरात पडलेला आहे."

"मी पडेपर्यंतचं बोलतोय."

पडद्यावर दोन रेघा होत्या. निळी वेगाची, तांबडी हृदयाची. एका जागी निळी रेघ धाडकन तळाला गेली. तांबडी क्षणभर आधीच उंच उसळली होती, मग हळूहळू खाली येत राहिली. काही मिनिटांनी ती पुन्हा एकदा तरारून वर गेली, आणि तिथेच दोन्ही रेघा संपल्या.

"संपलं?"

"यंत्र थांबलं. पडताना आपटलं असेल."

"मग पडतानाच थांबलं असतं. हे नंतर थांबलंय. आणि थांबायच्या आधी ठोके का वाढले?"

"दुखलं असेल."

"त्या आधी गुदगुल्या होत होत्या का?" बेरिल म्हणाली, आणि गाडीची किल्ली त्याच्याकडे फेकली.

मिठागराचा रस्ता सरळसोट होता. एका बाजूला बार्लीचं शेत, दुसऱ्या बाजूला पांढरं फटक मीठ, आणि मध्ये एकुलता एक म्हातारा निलगिरी. झाडाखालच्या चरात कमरेइतकं जंगली ओट माजलं होतं. बेरिल त्यात उकिडवी बसली.

"दिसते का मी?"

"नाही. नुसता आवाज—"

पुढचं वाक्य क्लाइवला बोलता आलं नाही. काळापांढरा मॅगपाय झाडावरून सुटला आणि चोच वाजवत त्याच्या टकलावरून गेला. क्लाइव रस्त्यावर आडवा झाला. उठल्यावर त्याने आधी घड्याळ पाहिलं.

"बघ बेरिल, ठोके कसे उडालेत. सुळकाच उभा राहिलाय."

"अभिनंदन केलं का त्याने?"

"पिल्लं आहेत मॅगपायची घरट्यात. ऑगस्टअखेरीपासून ही थेरं, ऑक्टोबर सरला की संपलं. हिवाळ्यात हाच पक्षी ढुंकून बघत नाही."

डग पडला तेव्हा त्याच्या मागे तिघे होते. बाकी सगळे पुढे निघून गेले होते.

पहिली ग्लेनिस राऊ, निवृत्त मुख्याध्यापिका. तिच्या हेल्मेटवर मॅगपायला भिववायला प्लॅस्टिकच्या पट्ट्या उभ्या खोचलेल्या होत्या. ती साळिंदरासारखी दिसत होती आणि तिला ते माहीत होतं.

"मी गेले त्याच्याजवळून," ती म्हणाली. "वाऱ्यात मान खाली घातली होती, वरून तो पक्षी आपटला. गवतात कुणी आहे हे मला दिसलं नाही. हाकही आली नाही. तेव्हापासून मी सायकलीला हात लावलेला नाही."

तिचा ग्राफ तिने स्वतःच काढून दिला. झाडापाशी ठोक्यांचा सुळका होता, क्लाइवचा होता तसाच.

"हे यंत्र आपोआप थांबतं का?" बेरिलने विचारलं.

"आमच्या फेरीत नाही. ती सोय बंद ठेवायची असा नियम आहे. रॉडनीनेच केलाय. थांबलात तर थांबलेले दिसलात पाहिजे. यंत्र थांबवायचं तर लाल बटण दाबून धरावं लागतं."

दुसरा केल्विन टंकिन, घरांचा दलाल. तो व्हरांड्यात मांड्यांना सायकलवाल्यांचं क्रीम चोळत होता आणि पाहुणे आले म्हणून त्याने ते थांबवलं नाही.

"माझ्याकडे तेवढा भाग नाही," तो म्हणाला. "बॅटरी गेली. मिठागराच्या आधी गेली, नंतर आली."

"आपली आपण?"

"कधीकधी येते."

आतून त्याची बायको ओरडली. "केल्विन, त्या गाडीच्या सीटवरचं क्रीम मी पुसणार नाही हां. आणि मागे साखळीचं काळं लागलंय ते पण तूच बघ."

"मुलांचं काहीतरी असेल," केल्विन म्हणाला. त्याची मुलं लग्न होऊन पर्थला होती.

बाहेर पडल्यावर क्लाइव कुजबुजला, "हाच. नेमका तेवढाच भाग गायब."

"गायब आहे खरा," बेरिल म्हणाली.

तिसरा रॉडनी शुल्झ. फिजिओथेरपिस्ट, फेरीच्या कमिटीचा अध्यक्ष, सुरक्षेच्या माहितीपत्रकाचा लेखक. त्याच्या दवाखान्यात सांगाडा होता आणि सांगाड्याशेजारी फ्रेम करून लावलेला त्याच्या स्वतःच्या हृदयाचा ग्राफ होता. दोघांत सांगाडा जास्त माणसाळलेला वाटत होता.

"बिचारा डग," रॉडनी म्हणाला. "मी रोज त्याचा विचार करतो. पण बेरिल, ऊन काय दाखवेल सांगता येत नाही. एकाला मागे वाटेत त्याची मेलेली आई भेटली होती. सँडविच घेऊन."

"डगचं यंत्र मध्येच थांबलं."

"आपटल्यावर होतं तसं. एका अर्थी बरंच झालं. तासन्‌तास चालू राहिलं असतं तर सगळ्या फेरीची सरासरी मातीत गेली असती. तेवढी तरी शाबूत राहिली."

क्लाइवने समजून मान डोलावली. बेरिलने त्याच्याकडे पाहिल्यावर ती थांबवली.

रॉडनीने स्वतःचा ग्राफ मोठ्या पडद्यावर लावला. सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड, कुठे थांबा नाही. मिठागराच्या रस्त्यावर वेग पडला होता आणि ठोकेही उतरले होते. रेघ तळ्याच्या पाण्यासारखी सपाट होती.

"वाऱ्यात ग्लेनिसचे ठोके छपराला लागले होते," बेरिल म्हणाली. "तुमचे उतरलेत."

"शिस्त. वाऱ्याशी कुस्ती करायची नसते. लोक पायांनी चालवतात, मी डोक्याने."

"त्या झाडावर पक्षी आहे म्हणे."

"आहे म्हणजे? माझ्या हेल्मेटवर असा आदळला की मी रस्ता सोडणार होतो. आठवलं तरी छाती धडधडते." तो हसला. "बाकी माझं सगळं उघडं असतं हां. नऊ वर्षांतली एकेक फेरी इंटरनेटवर आहे, सरावाचीसुद्धा. दर आठवड्याला तो रस्ता करतो. एकही खोडलेली नाही. खोडावी कशाला? तो माझा इतिहास आहे."

जिन्यावर क्लाइव म्हणाला, "काय माणूस आहे."

"हो ना," बेरिल म्हणाली. "घरी जा आणि त्याचा इतिहास वाच. मिठागराचा रस्ता, हिवाळ्यातला, जून-जुलै. त्यातली संथ फेरी बघ, सहलीला निघाल्यासारखी."

"कशासाठी?"

"घड्याळ शाबासकी देईल."

फेरीनंतरच्या एका रविवारी सगळ्यांनी सभागृहात जमायचं आणि एकमेकांचे ग्राफ बघायचे, असा रिवाज होता. दुपारचे सगळे आले. टेबलावर पेस्ट्या, सॉस, लॅमिंग्टन केक. भिंतीवर एकेकाचं हृदय लागत होतं. लोक खात खात बघत होते आणि चढ आला की "अहाहा" म्हणत होते. लग्नाचे फोटो इतक्या मायेने कुणी बघत नाही. मर्ना मागच्या खुर्चीत बसली होती. एका बाईने तिचा हात हातात घेतला, खूप वाईट वाटल्याचं सांगितलं आणि डगचा वजनाच्या मानाने दम किती होता ते विचारलं.

रॉडनी बोलायला उभा राहणार तेवढ्यात बेरिल भिंतीपाशी गेली.

"आधी डगचं हृदय लाव, क्लाइव."

तांबडी रेघ भिंतीवर आली. खाणं थांबलं नाही, पण मंदावलं.

"इथे डग पडला," बेरिल म्हणाली. "सायकल त्याच्या पायाशी पडली. छातीचा पट्टा चालू होता, त्यामुळे पुढची काही मिनिटं यंत्र त्याचे ठोके लिहीत राहिलं. ठोके उतरतायत, माणूस मलूल होतोय. मग इथे ते एकदम वर जातात. आणि लगेच यंत्र बंद. कमिटी सांगते, आपटल्याने बंद झालं. पण आपटलं होतं केव्हाच. आपोआप थांबायची सोय तुमच्याच नियमाने बंद. म्हणजे लाल बटण दाबून धरलं पाहिजे. डगचा एक खांदा मोडलेला, दुसऱ्या हाताचं मनगट मोडलेलं, खुबा मोडल्यामुळे सरकता येत नाही. यंत्र पायाच्या पलीकडे. मग बटण दाबलं कुणी?"

सभागृहात कुणीतरी सॉसची बाटली खाली ठेवली.

"वेड लागलेल्या माणसाला काय वाटेल ते दिसेल. पण भासातला माणूस बटण दाबत नाही. तिथे कुणीतरी होतं. डगचं हृदय वर गेलं ते त्याला बघून. सुटलो, असं वाटलं त्याला. त्या माणसाने वाकून पाहिलं, मदत पाठवतो म्हणाला, आणि जाता जाता हात लांबवून डगचं यंत्र थांबवलं. का? ग्लेनिस, पंक्चर झालेल्या गड्यासाठी तुम्ही काय करता?"

ग्लेनिसने डोळे मिटले. "त्याचं यंत्र थांबवतो. सरासरी पडू नये म्हणून. सवयीनेच हात जातो."

"चोर यंत्र घेऊन गेला असता. वाटसरूने पाणी पाजलं असतं. माणूस चरात सोडायचा आणि त्याची सरासरी वाचवायची, हे फक्त तुमच्यातल्याच कुणाला सुचेल."

"मागे तिघेच होते," कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्यांनी केल्विनकडे पाहिलं.

"केल्विनच्या ग्राफला भोक आहे," बेरिल म्हणाली. "पण त्याच्या गाडीच्या सीटवर क्रीम आहे आणि मागे साखळीचं काळं. केल्विनने मिठागराचा रस्ता सायकलीने केलाच नाही. आधीच्या गावात बेकरीत बसून बन खाल्ले, बायकोला बोलावलं, आणि वारा संपेपर्यंत सायकल गाडीत टाकून आला. गाडीची चाल उमटू नये म्हणून यंत्र बंद ठेवलं. बेकरीवालीला विचारलं मी. डगचं यंत्र थांबलं त्या वेळी तो तिसऱ्या बनवर होता."

"दुसऱ्या," केल्विन पुटपुटला.

"ग्लेनिसवर पक्षी आदळला ते तिच्या हृदयात दिसतं. त्या दिवशी झाडाखालून गेलेल्या प्रत्येकाच्या हृदयात दिसतं, डगच्या सुद्धा, पडायच्या क्षणभर आधी. एकच हृदय शांत आहे." बेरिल वळली. "तुमचं, रॉडनी. तुम्ही मला सांगितलंत, पक्षी आदळला, रस्ता सोडणार होतात. छाती नुसत्या आठवणीने धडधडते, आणि प्रत्यक्ष आदळला तेव्हा एक ठोका वाढला नाही?"

"मी सांगितलं ना, शिस्त—"

"क्लाइव, जून लाव."

भिंतीवर रॉडनीच्या दोन रेघा एकाखाली एक आल्या. वरची शर्यतीच्या दिवसाची, खालची जूनमधल्या एका संथ रविवारची. क्लाइवने खालची हळूच वर सरकवली. मिठागराच्या रस्त्यापुरती दोन्ही एक झाली. प्रत्येक खाच, प्रत्येक उंचवटा.

क्लाइवचा आवाज वर्गातल्यासारखा झाला. "माणसाचं हृदय दोन वेगळ्या दिवशी सारखं धडकत नाही. आणि जून म्हणजे हिवाळा, तेव्हा मॅगपाय हल्ला करत नाही."

"तुम्ही डगपाशी थांबलात तो वेळ ग्राफमध्ये दिसला असता," बेरिल म्हणाली. "शेवटाला किती वाजता पोचलात ते सगळ्यांनी पाहिलं होतं, त्यामुळे मिनिटं नुसती कापून चालणार नव्हतं. म्हणून तेवढा तुकडा काढून जुन्या रेंगाळलेल्या फेरीचा तुकडा बसवलात. हिशेब जुळला. जूनचा तुकडा लपवायचा तर जूनची फेरी खोडायला हवी होती. तेवढं मात्र झालं नाही."

रॉडनी बराच वेळ भिंतीकडे बघत होता. तो पुराव्याकडे बघत असावा असं मर्नाला वाटलं. तो आपला ग्राफ बघत होता.

"मी मदत पाठवणारच होतो," तो म्हणाला. "तिथे फोनला रेंज नव्हती. पुढच्या गावात सांगायचं ठरवलं होतं मनाशी. पण त्या दिवशी पाय फार छान चालले होते, बेरिल. असा दिवस वर्षात एखादा येतो. म्हटलं, आणखी एक गाव. मग आणखी एक. मग म्हटलं, एव्हाना कुणाला तरी दिसला असेल."

"आणि पोचल्यावर?"

"पोचल्यावर सांगितलं असतं तर इतका वेळ का नाही सांगितलं असं विचारलं असतं लोकांनी."

"म्हणून त्याला वेडा ठरवलंत."

"वेडा नाही म्हटलं. कमिटीच्या अहवालात मी लिहिलं होतं, तात्पुरता भ्रम."

मर्ना उठून पुढे आली. लोकांना वाटलं ती त्याला मारणार. ती त्याच्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "काय म्हणालास त्याला? नीट आठवून, त्याच शब्दांत सांग."

रॉडनीने घसा खाकरला. "हलू नकोस डग, मदत पाठवतो."

मर्नाने मान डोलावली आणि आपला कोट घेतला. बेरिलने दोन्ही ग्राफच्या प्रती दाराशी तिनेच बोलावून उभ्या केलेल्या पोलीस सार्जंटच्या हातात दिल्या. मग केल्विनचा आवाज आला.

"रॉडनी बाद म्हणजे आपण सगळे एकेक नंबर वर येतो ना?"

यावर चर्चा सुरू झाली. बेरिल बाहेर येऊन भिंतीला टेकली. क्लाइवने तिच्यासाठी पेस्टी आणली होती. तिने ती वासावरूनच परत केली.

"घड्याळ कुठाय तुझं?" तिने विचारलं.

"खिशात," क्लाइव म्हणाला. "हातावर सारखं थरथरत होतं. ठोके वाढलेत म्हणत होतं, काय झालं विचारत होतं."

हॉस्पिटलमध्ये डग खिडकीकडे तोंड करून पडला होता. मर्ना पलंगाच्या कडेला बसली. बेरिल आणि क्लाइव दारातच थांबले. मर्नाने काही सजवून सांगितलं नाही. कोण होता ते सांगितलं, आणि तो काय म्हणाला होता तेही, शब्दाला शब्द.

डगने मान तिच्याकडे वळवली.

"रॉडनी?" तो म्हणाला. "ज्याने मला फुलं पाठवली?"

"तोच."

डगने बंद मुठीने, मोडक्या मनगटाची पर्वा न करता, गादीवर बुक्की मारली आणि रॉडनी शुल्झला एक शिवी घातली. मग दुसरी घातली, तीत शुल्झ घराण्याच्या तीन पिढ्या आल्या. तिसरीत सायकल, सांगाडा आणि कमिटी आली. आवाज वाढत गेला. शब्द स्वच्छ होते, क्रम बरोबर होता, एकही नाव चुकलं नव्हतं.

नर्स धावत आली. "काय झालं? भ्रम होतोय का त्यांना?"

"नाही," मर्ना म्हणाली आणि तिने नर्सला हलकेच बाहेर ठेवून दार लावून घेतलं. "चालू दे त्याचं."